हळदीकुंकवात जोड्या लावा

मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरातलं भांडण इंग्रजीनं मिटेल असं मला वाटलं होतं.

भांडण माझ्या सासूबाईंचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं, सुमनकाकूंचं. एका मुंजीत काकूंनी थोरल्या जावेच्या आधी शेजारणीला कुंकू लावलं. बस्स, अबोला! आम्ही तुकोगंजात, काकू त्याच शहरात विजय नगरात. मध्ये जणू सात समुद्र. सासूबाई रोज मोबाइलवर काकूंचा फोटो मोठा करून बघणार, "वाळलीय मेली" म्हणणार. "फोन लावू?" विचारलं की, "मला काय पडलीय!" मला फार वाईट वाटायचं हो.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काकूंनाही बोलावलं आणि खेळ मांडला. प्रत्येकीला एक चिठ्ठी, तीवर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ. उच्चार सारखा, अर्थ वेगळा, अशी आपली जोडीदारीण शोधायची आणि तिला तिळगूळ द्यायचा. दोघींना मी मुद्दाम 'मीट' दिला. (भेटा! केवढी मी हुशार!) काकूंच्या चिठ्ठीवर 'भेटणे' होतं. दुसऱ्या 'मीट'चा अर्थ मी शाळेच्या सवयीनं झरझर लिहून मोकळी झाले होते.

सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "मीट. मांस."

गुरुवार, सासूबाईंचा उपास, कपाळावर ताजं कुंकू, आणि हातात हे!

"अगं, ही काय पद्धत झाली?" कोपऱ्यातून काकू उसळल्या. "वहिनी कांदासुद्धा खात नाहीत चातुर्मासात! त्यांच्या हातात मांस देतेस? हद हो गई!"

"काकू, ते नुसतं स्पेलिंग..."

"चूप बैठ! वहिनी, टाका ती चिठ्ठी. हात धुवा आधी, चला."

सासूबाईंनी चिठ्ठी टाकली. मग म्हणाल्या, "सुमन, किती वाळलीस गं!" आणि दोघी हात धरून मोरीकडे गेल्या. मला रडू फुटलं. बाकीच्या बायकांना वाटलं, बोलणी खाल्ली म्हणून रडतेय. (तेही होतंच थोडं.)

आता काकू दर गुरुवारी येतात. दोघी बाहेर बसून माझ्या चुका काढतात, मी आत चहा करते. साखर मुद्दाम कमी घालते. बिचाऱ्यांना बोलायला विषय नको का?