दुखणं घरी ठेवून यायचं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी डिंगोऱ्यात सकाळचं आरोग्य मंडळ सुरू केलं. पुस्तकं वाचून मला पटलं होतं की माणूस एकटा निरोगी राहू शकत नाही. शरीर, मन, ताट आणि शेजार या वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणून सहा वाजता देवळापुढच्या फरशीवर जमायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, ओढ्यापर्यंत चालून यायचं आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून नाचणीची आंबील प्यायची. आंबील माझी बायको करायची. ती डोंगराकडच्या मढ गावची. तिच्या आंबिलीची चव गावात दुसऱ्या कुणाला साधली नाही.

पंधरा-वीस जण येत. मेंढरं विकून शेतीला लागलेले एक आजोबा दर वेळी डोळे मिटून विचारायचे, "गुरुजी, श्वास आत घेतलाय. सोडायला परवानगी हाय का?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण सुरुवातीला सगळं बोलणं गुडघे, पित्त आणि सुना यांच्यावरच जायचं. मला ते रडगाणं वाटलं. मी नियम केला, दुखणं घरी ठेवून यायचं. आल्यावर गोल उभं राहायचं आणि एकेकानं फक्त "मी बरा आहे", "मी बरी आहे" एवढंच म्हणायचं. म्हणता म्हणता माणूस बरा होतो, असं मी समजावलं. लोकांनी ऐकलं. माझं ते नेहमीच ऐकत आले.

कांदा काढणीच्या दिवसांत एका सकाळी बायको माझ्या समोर उभी होती. तिनं तळहात जबड्याखाली धरला होता. दाढ दुखत असेल, असं मला वाटलं. "मी बरी आहे," ती म्हणाली आणि पाळी पुढच्या माणसाकडे गेली. घरी येऊन ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याला धरूनच खाली बसली. मंचरच्या दवाखान्यात नेत होतो. महामार्गावर कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतच ती गेली. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले.

दहाव्याचं आटोपल्यावर शेजारची बाई ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. दोघी शेतात बरोबर असायच्या.

"भाऊजी, रागावू नका. आक्काच्या पाठीत आठ दिस लई दुखत व्हतं. पार जबड्यापत्तुर यायचं."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणलं व्हतं, सांगा की. तर म्हणाल्या, गावाला 'बरी हाय' म्हणायला लावायचं आन् आपल्याच घरात दुखणं? लोकं हसतील त्यांना."

 

महिन्यानं लोक मला बोलवायला आले. मी गेलो. वर्तुळ थोडं लहान झालं होतं, एवढंच. मी म्हणालो, "आजपासून उलटं करू. ज्याचं जे दुखतंय ते त्यानं इथं सांगायचं."

कुणी वर पाहीना. आजोबा कधीपासून लंगडत होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यांच्याकडे पाहिलं तर तेच म्हणाले, "तसलं चारचौघांत कुठं सांगत्यात व्हय, गुरुजी? तुमीच तर मोडलीत ती सवय."

मग कोपऱ्यातून कुणीतरी "मी बरा आहे" म्हणालं. दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं. वाक्य फिरत फिरत माझ्यापाशी आलं. रात्ररात्र झोप नाही, घास गिळवत नाही, एवढं सांगता आलं असतं. सगळे माझ्याकडे पाहत थांबले होते.

"मी बरा आहे," मी म्हणालो.

मंडळ अजून चालू आहे. शनिवारची आंबील बंद झाली. शेजारची बाई हल्ली एक हात मागे नेऊन पाठ दाबत उभी असते. काल घरी जाताना मी तिला थांबवून विचारलं.

"बरी हाय की, भाऊजी," ती म्हणाली.