हिरव्या दगडाची चव

दगड हाती आला की मामा आधी तो चाटत. मग डोळे मिटून क्षणभर थांबत आणि निकाल देत, "डोळा फसतो बाई, जीभ न्हाई."

विहिरी खोदणारी जाणती माणसे तुम्ही पाहिली असतील, तर ठाऊक असेल, खडक पारखण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते. कुणी ठोकून नाद ऐकतो, कुणी ओला करून रंग पाहतो. आमचे मामा चाटत.

पिंपरीच्या माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा होते. पदवी भूशास्त्राची, काम पाण्याचे नमुने तपासण्याचे. आवारातली विहीर खोदायला चाकणकडचे हे मामा आले. दुपारी आमच्या खिडकीखालच्या सावलीत ते भाकरी सोडत.

"मामा, आज काय लागलं?"

"मुरूम संपला. उद्या काळा कठीण. तुमची बुकं काय म्हंत्यात?"

"तेच म्हणतात."

"मंग बुकं लिवणाऱ्यानं बी चाटलाच असंल."

खनिजांचा शोध घेणाऱ्या खात्यात मला जागा हवी होती. मुलाखतीत अधिकाऱ्यांनी सौम्यपणे सांगितले होते, की डोंगरदऱ्यांत मुलीला धाडणे कठीण. स्वतः केलेले एखादे काम दाखवा, मग पाहू. मामांना हे सारे ठाऊक होते.

ते काम त्यांनीच एके दिवशी फडक्यात बांधून आणले. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या खोऱ्यात, गाडीवाटही संपते तिथे ते नवी विहीर खोदत होते. दोन पुरुष खोलीवर हिरवा पट्टा लागला होता, त्यातलेच हे दगड.

"चाटलात?"

"चाटला की. तांब्याच्या भांड्यातल्या ताकावानी कळकतोय. तांबं हाय बाई."

मी दगड कुटला, पूड आम्लात विरघळवली, द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवला. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला. परीक्षा तीनदा केली, तीनदा तांबे. आपल्या काळ्या पाषाणात असा साठा कुणी नोंदवल्याचे मला माहीत नव्हते. दोन दिवसांत अहवाल लिहून झाला. फक्त जागा पाहायची राहिली होती.

चाकणपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, शेवटचे दोन कोस पायी. मामा जवळजवळ धावतच होते. विहिरीवरचा एक गडी म्हणाला, "मामा, खाण निघाली की आमाला मुकादम करा."

"आदी पाटी उचल, मुकादमा."

पदर खोचून, दोर धरून, कपारीत पाय रोवत मी खाली उतरले. तळहात सोलवटले, पर्वा नव्हती. काळ्या खडकातल्या पोकळ्यांना हिरवे अस्तर होते आणि त्यावर पांढऱ्या स्फटिकांच्या सुया. इतका देखणा खडक मी पाहिला नव्हता. ताजा तुकडा फोडला. कुपीतले आम्ल, नवा खिळा.

खिळा करडाच राहिला. दुसरी जागा, तिसरी जागा. करडाच.

मागोमाग उतरलेल्या मामांनी एक तुकडा चाटला. कपाळाला आठी पडली. "कळकत न्हाई. नुस्ती माती."

"मला आणलेले दगड इथलेच ना?"

"हितलेच. सुरुंगाच्या दारूनं काळे झाले व्हते. तुमच्याकडं न्यायचे मंजी लख्ख नकोत का? चिंच लावून दोन दिस घंगाळात भिजत टाकले. मंग चाटले."

"घंगाळ कशाचं?"

त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "तांब्याचं."

चिंचेच्या आंबटाने घंगाळाचे तांबे खाल्ले होते आणि त्या सच्छिद्र हिरव्या मातीने ते शोषून घेतले होते. मी अतिशय काटेकोरपणे, तीन वेळा, मामांच्या घंगाळाचे पृथक्करण केले होते.

वरून गडी म्हणाला, "मंजी खाण तुमच्या न्हाणीत निघाली, मामा."

मामा हसले नाहीत. "बाई, कागुद धाडला का?"

"नाही. पिशवीत आहे."

"मंग माजी चूक म्हणून लिवा. तुमची जागा जायला नको."

वर येऊन मी दगडांच्या ढिगावर बसले आणि अहवाल त्याच कागदांच्या कोऱ्या पाठीवर पुन्हा लिहू लागले: हिरवा पदार्थ तांब्याचा का नाही, तांबे कुठून आले, तीन परीक्षांनीही ते का उघड झाले नाही. पेन्सिल थांबत नव्हती. पहिला अहवाल लिहितानाही हात असा धावला नव्हता. स्वतः न उचललेल्या नमुन्यावर विश्वास ठेवला, ही चूक मी माझ्या नावावर लिहिली. मामांना वाचून दाखवले. ते एवढेच म्हणाले, "घंगाळ लिवलं ते बरं केलं."

खात्याने पुन्हा बोलावले. अधिकारी बराच वेळ त्या घंगाळाबद्दलच विचारत राहिले. मग चांद्याकडच्या जंगलात, तांब्याच्या शोधावर माझी नेमणूक झाली.

निघण्यापूर्वी मामांना सांगायला मी त्या खोऱ्यात गेले. विहीर पुरी झाली होती, हिरवा पट्टा पाण्याखाली गेला होता. त्या घरची सून पाणी शेंदत होती.

"मामा व्हय? ते कवाच पुढं गेले. कुटं, ते न्हाई ठावं."

मग तिने विहिरीच्या काठाकडे बोट केले. तिथे बाभळीची नवी शिडी उभी होती. प्रत्येक पायरी तासून गुळगुळीत केलेली.

"ही करून ठिवलीया. म्हनले, एक बाई खडक बघाया येतील, दोरानं त्यांच्या हाताला लागतं."