थाळीला ऊन दाखवलं तेव्हा

"रात्रीच्या भांड्यात दिवस ओतायचा नाही," असं गुर्मेत मेमे, म्हणजे गुर्मेत आजोबा, प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा. हानलेच्या पठारावर उभी असलेली आरशांची अवाढव्य थाळी, हे त्याचं रात्रीचं भांडं. फुटलेल्या ताऱ्यांकडून निघालेले प्रखर किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. उंच हवेत विरतात आणि विरताना क्षणभर निळसर उजेड सांडतात. तो उजेड ही थाळी झेलते आणि समोर टांगलेल्या कॅमेऱ्यात गोळा करते. उजाडायच्या आत तिचं तोंड उत्तरेला वळवायचं, सूर्याला तिच्यात डोकावू द्यायचं नाही, हे मेमेचं काम. एकोणीस वर्षं त्याने ते निगुतीनं केलं.

त्या हिवाळ्यात बदलीचा माणूस खिंडीपलीकडे अडकला. मेमेने सलग अकरा रात्री काढल्या. बाराव्या दिवशी सकाळी दिवसपाळीची आंग्मो कामावर आली, तो जळक्या रबराचा वास. थाळी उन्हाकडे तोंड करून उभी, आणि पायरीवर मेमे, भिंतीला डोकं टेकून पेंगलेला. तिने त्याच्या मुठीतली किल्ली ओढून घेतली, धावत जाऊन आधी थाळी वळवली.

"मेमे, हे काय केलंत?"

"आरशांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. खरवडायला हात उचलेना. म्हटलं, जरा ऊन दाखवावं."

गारठलेलं कोकरू, गोठलेला पाण्याचा डबा, म्हातारं माणूस, सगळं उन्हाकडे वळवून ठेवायचं, हे इथल्या हातांना शिकवावं लागत नाही. मेमेच्या थकल्या हातांनी तेच केलं होतं. शेकडो आरशांनी सूर्य एका जागी गोळा केला आणि समोरच्या कॅमेऱ्याचं झाकण वितळून लोंबत होतं.

"वहीत लिहिते, यंत्र आपणहून फिरलं," ती हळूच म्हणाली.

"आणि खालचे साहेब नसलेला बिघाड शोधत बसतील. सगळं खोलतील. एवढं निरभ्र आभाळ, हिवाळाभर वाया!"

"आभाळ कुठे पळून जातंय? तुमची नोकरी जाईल, मेमे!"

"जाईल तर जाईल. बायको खूश होईल. म्हणते, दिवसा घोरणारा नवरा काय कामाचा!"

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"लिही तू. माझं अक्षर म्हणजे याकनं तुडवलेलं."

तिने लिहिलं. शेवटी आपल्या मनाने एक ओळ घातली: अकरा रात्री, एकटा. मेमेने ती वाचली. 'खोडून टाक' म्हणायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

आंग्मोने बिनतारी यंत्रावरून खाली साहेबांना कळवलं. खरखरीतून उत्तर आलं: किल्ली आंग्मोकडे ठेवा, गुर्मेतने घरी जावं, पुन्हा वर यायचं नाही.

"ऐकलं," मेमे म्हणाला. उठताना त्याने गुडघ्यावर हात टेकला.

उतारावर तो तीनदा थांबला, दम खाल्ला, पण मागे वळला नाही. कडेच्या आरशांवर उरलेला पापुद्रा काढायला आंग्मो खरवडणी घेऊन शिडीवर चढली होती. तो गावाच्या कुंपणाआड दिसेनासा होईपर्यंत तिने आरशाला हात लावला नाही.