ज्वारीवर ताणलेली फीत

आज जळगावच्या घरात कपाट उघडलं, जुन्या फितीचा आंबूस वास आला आणि मी पंधरा वर्षं मागे, शिरपूरजवळच्या नानांच्या वावरात जाऊन पोचलो.

नाना तरुणपणी एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यांच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी खपल्याच नाहीत. स्टुडिओतल्या मूळ फितींची दोन रिळं नानांकडे उरली होती, जुनी गाणी जमवायच्या नादापायी तीच विकत घ्यायला मी गेलो होतो. पाहतो तर एक रीळ उलगडून पाखरं उडवायला ज्वारीवर ताणलेलं! वाऱ्यात फीत गुणगुणत होती.

"नाना, ही मूळ फीत आहे!" मी कडाडलो. कणसांवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"मानसंस्नी ऐकं नही, पाखरं तरी ऐकतस," नाना हसले. "दुसरं रीळ उद्या बांधसू."

मी ते मागितलं, भाव वाढवत गेलो. नाना ढिम्म. शेवटी म्हणाले, "पैसा नको. तुना आवाज भारी शे. आज दिनभर पाखरं हाकल."

दिवेलागणीपर्यंत मी बांधावरून ओरडलो आणि रीळ घेऊन घरी आलो.

आत्ता ते लावलंय. नानांची गिटार खणखणीत वाजतेय. पहिल्या रिळाचा राग अजून गेलेला नाही, पण माझ्या ओरडण्याला एवढा भाव पुन्हा कुणी दिला नाही.