डोळे मिटून दिलेला निकाल

शिवणकाम सुटल्यावर मास्तरांची बोटं रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या बोटांनी कोंबड्यांच्या पिसांत उद्योग शोधला. मागच्या अंगणात त्यांनी खुराडं उभं केलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी एकच अट घातली होती. त्या रात्रपाळी करून पहाटे परतत आणि झोपत. "कोंबड्या हव्या तेवढ्या पाळा, मास्तर. कोंबडा मात्र नको." मास्तरांनी शब्द दिला होता.

तीन महिन्यांचं पिल्लू कोंबडा निघणार की तलंग, म्हणजे अंडी देणारी कोंबडी होणार, हे सांगण्यात मास्तरांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्यांची रीत ठरलेली. पिल्लाचं डोकं उशीच्या अभ्र्यात झाकून आणायचं. मास्तर डोळे मिटणार आणि शेपटीच्या अलीकडची, पाठीच्या उतारावरची पिसं चिमटीत धरणार. आखूड आणि टोकाशी गोल, तर तलंग. लांब आणि निमुळती, तर कोंबडा. "तुरा फसवतो, रंग फसवतो," ते म्हणत. "कापड बघतात सगळेच. आम्ही काठ चाचपतो."

अशा या पारख्याच्या खुराड्यात यंदा एक तांबूस पिल्लू भलत्याच ऐटीत वाढत होतं. मास्तर बाकावर टेकले की ते खांद्यावर चढे आणि चष्म्याच्या दांडीवर चोच मारी. मास्तरांचा त्याच्यावर जीव जडला होता. त्याची पिसं मात्र त्यांनी एकदाही चिमटीत धरली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अहो, हिचा तुरा बघा केवढा लाल झालाय," बायको म्हणे.

"काही तलंगांचा होतो."

"आणि परवा पहाटे गंजलेल्या बिजागरीसारखी ओरडली ती?"

"घसा बसलाय तिचा."

"वरच्या बाईंचा डोळ्याला डोळा लागत नाहीये."

मास्तरांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

रविवारी सकाळी पोस्टमन आणि बेकरीवाली आपापली पिल्लं घेऊन आली. दोघांनाही 'तलंग' असा निकाल मिळाला. तेवढ्यात जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी नर्सबाई आल्या. हातात अभ्रा.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"संगतीचा परिणाम. एवढं एक बघा."

मास्तरांनी डोळे मिटले. बोटं पिसांवरून एकदा फिरली, मग उगाचच दुसऱ्यांदा. पिसं खरोखर देखणी होती. "शंभर टक्के कोंबडा," ते म्हणाले. "पाळणार असाल तर पहाटेच्या झोपेवर पाणी सोडा."

"ते केव्हाच सोडलंय," असं म्हणून बाईंनी अभ्रा काढला. तांबूस पक्षी टुणकन मास्तरांच्या खांद्यावर चढला.

मास्तरांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको एक केव्हाच कोरडं झालेलं पातेलं मन लावून पुसत होती.

"आज हात चुकला असेल," मास्तर पुटपुटले.

"असेल की," बाई म्हणाल्या. "या दोघांना तसं सांगा, मी मुकाट वर जाते. तुमची कोंबडी तुम्हाला लखलाभ."

पोस्टमन आपल्या पिल्लाकडे संशयाने पाहू लागला. "मास्तर, मग आमच्या हिचंही काय ते..."

मास्तरांचा हात नकळत पक्ष्याकडे गेला. खांद्यावर ऊबदार भार होता आणि समोर दोन माणसं ताटकळली होती.

"हात चुकलेला नाही," शेवटी ते म्हणाले. "कोंबडाच आहे." मग आवाज खाली आणून, "बाई, झोपमोड झाली तुमची."

"झाली. चहा टाकायला सांगा."

त्याच दुपारी मास्तर टोपली घेऊन गावाबाहेर राहणाऱ्या अक्कांकडे गेले. थोरल्या बहिणीने टोपलीच्या फटीतून आत पाहिलं.

"अरे, परवा फोनवर तर कोंबडी म्हणत होतास ना?"

"सकाळी नऊपर्यंत होती," मास्तर म्हणाले. पण टोपलीचं झाकण काही ते उघडेनात.