पंधरा पिनांची वायर

कुठलीही वायर जोडण्याआधी एवेलिओ ओरोस्को वीज मोजायच्या मीटरच्या दोन टोकदार काड्या हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी मोज, मग लाव." बारांकिया शहराच्या रेबोलो वस्तीत चौतीस वर्षं तो रेडिओ, टीव्ही आणि म्युझिक सिस्टिम दुरुस्त करत होता, आणि त्याचं हे वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. पोस्टाने येणाऱ्या धड्यांवरून तो हे काम शिकला. बायको गेल्यावर घर आणि दुकान यांत काही फरक उरला नाही. जेवायच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर कायम कोणाचं तरी उघडलेलं यंत्र पडलेलं असायचं.

वस्तीचाही एक रिवाज होता. दुरुस्त झालेली सिस्टिम मालकाच्या दारापुढे, फुटपाथवर आणायची आणि आवाज पूर्ण सोडायचा. संध्याकाळी सगळे झुलत्या खुर्च्या टाकून बाहेर बसलेलेच असत. कोणी ओरडून म्हणे, "मास्तर, हिचा घसा बसलाय!" कोणी म्हणे, "माझ्या खिडकीची काच हलली, पास!" गल्लीने पास केलं की काम झालं.

अशाच एका संध्याकाळी, बारा वर्षांपूर्वी, विल्फ्रिदो नावाच्या तरुण कारागिराने बेकरीवाल्याचा टीव्ही बाहेर आणला आणि सगळ्यांसमोर त्यातून धूर निघाला. एवेलिओ आपल्या खुर्चीतून म्हणाला होता, "बेकरीवाल्या, बरं झालं! आता तुझ्याकडे दोन भट्ट्या झाल्या." गल्ली पोट धरून हसली. त्यानंतर वर्षभर विल्फ्रिदोला तिथे सगळे 'भट्टी' म्हणायचे. शेवटी तो बाजारापलीकडे निघून गेला. एवेलिओला त्यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नव्हतं.

समोरच्या घरात दिग्ना आणि तिचा नवरा निकानोर राहायचे. निकानोर एकोणऐंशी वर्षांचा. आयुष्यभर मागदालेना नदीवरच्या बोटींची इंजिनं त्याने सांभाळली. आता त्याला कधी कॉफीचा डबा सापडायचा नाही, कधी शेजाऱ्याचं नाव आठवायचं नाही. पण रोज चार वाजता तो स्वतःच्या हाताने बटण दाबून जुनी गाणी लावायचा आणि तासभर डोळे मिटून बसायचा. पनामातल्या मुलीने पाठवलेली सिस्टिम होती ती. खाली जमिनीवर जाड खोका, त्याच्यातच सगळी वीज आणि ताकद. वर टेबलावर बटणांचा आणि दिव्यांचा छोटा तुकडा. दोघांना जोडणारी एकच जाड वायर, टोकाला पंधरा पिना. ती वायर घरच्या पोपटाने कुरतडली.

"कंपनीला फोन केला होता," दिग्ना खोका आणि तुकडा एवेलिओच्या टेबलावर ठेवत म्हणाली. "म्हणतात, वायर सुटी मिळत नाही, मॉडेल बंद झालंय, नवीन सेट घ्या. वायरसाठी आख्खा सेट! उद्या शर्टाचं बटण तुटलं तर नवरा बदला म्हणतील."

"बदलून मिळत असेल तर मला सांगा, सेन्योरा, मीपण नाव नोंदवतो," एवेलिओ म्हणाला. "रविवारी घेऊन जा."

शनिवारी दुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना, त्याला फळीवर जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्याची वायर दिसली. तीन ओळी, पंधरा पिना. हुबेहूब. त्याने ती लावून पाहिली, आणि मऊ लोण्यात सुरी जावी तशी ती बसली. मीटर हाताच्या अंतरावर होता. पण वायर इतकी नीट बसली होती, की मोजायचं काय, असं त्याला वाटलं. त्याने बटण दाबलं.

आत 'टच्' असा बारीकसा आवाज झाला. दिवे एकदा उजळले आणि गेले. मग तो जळका वास आला, जो कारागिराला झोपेतही ओळखू येतो.

मग त्याने मोजलं. पडद्याच्या त्या वायरीत चार पिना आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या होत्या. पडद्याला ते चालतं. पण या सेटमध्ये त्यांतल्याच एका पिनेतून वरच्या तुकड्याला वीज जात होती; ती भलतीकडे शिरली आणि तुकडा जळला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं मोजायचं. 

रविवारी दिग्ना आली तेव्हा तो खरं सांगणार होता. तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"वायरीचं सोडा, सेन्योरा. वरचा तुकडाच मेलेला होता. आत काहीतरी ओलं गेलंय."

दिग्नाने कपाळावर हात मारला. "पेरूचा रस! हा माणूस ग्लास घेऊन तिथेच बसतो. मला वाटलंच होतं."

"नाही, म्हणजे, दुसरंही काही असेल..."

"त्याला नका वाचवू, मास्तर. तुम्ही फार भले आहात."

भले हा शब्द ऐकून एवेलिओने मान खाली घातली. दिग्नाला वाटलं, तो खोक्याचे स्क्रू शोधतोय.

दोन्ही घरांच्या खिडक्यांमध्ये फक्त गल्लीची रुंदी. पुढचे दिवस एवेलिओला सगळं ऐकू यायचं.

"म्हाताऱ्या, रस सांडलास आणि बोललाही नाहीस?"

"मी? सांडला असेल," निकानोरचा आवाज. "आठवत नाही गं मला."

सोमवारी दिग्नाने त्याच्याकडून रसाचा ग्लास काढून घेतला आणि झाकणाचा प्लास्टिकचा पेला दिला. मंगळवारी आंबा कापायची सुरी गेली. गुरुवारी घराची किल्ली. "आज रस सांडलास, उद्या गॅस चालू ठेवशील," ती म्हणत होती, आणि तिच्या आवाजात रागापेक्षा धास्ती जास्त होती. रोज चार वाजता निकानोर रिकाम्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायचा, मग काही आठवल्यासारखा उठायचा. एवेलिओने आपली खिडकी लावून घेतली. डिसेंबरात तिथे सुटणारं छान वारं अडवून तो घामात काम करत राहिला.

सेट अजून त्याच्याच टेबलावर होता. तसाच वरचा तुकडा मिळाला तर सगळं निस्तरता येईल, असं त्याने ठरवलं. भंगारवाल्यांकडे विचारलं, तीन दुकानं फिरला. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: त्या मॉडेलचा मेलेला खोका विल्फ्रिदोकडे आहे, तुकडा शाबूत आहे.

विल्फ्रिदोचे केस आता विरळ झाले होते. दारात एवेलिओला पाहून त्याने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

"या, मास्तर. भट्टीवर यायची वेळ आली का?"

एवेलिओने सांगितलं काय हवंय ते. विल्फ्रिदो आतून तुकडा आणि त्याची अस्सल वायर घेऊन आला, आणि हातातच धरून उभा राहिला.

"पहिला कसा जळला?"

"असाच आला होता. ओल गेली होती आत."

विल्फ्रिदोने त्याच्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"पडद्याची वायर बसते याला," तो हळूच म्हणाला. "मीसुद्धा एक जाळलाय तसाच. गिऱ्हाइकाला सांगितलं. बिचारा दोन दिवस बोलला नाही, मग परत आला." त्याने दोन्ही वस्तू एवेलिओच्या हातात ठेवल्या. "न्या. माझ्याकडे नुसत्या पडूनच होत्या."

त्या संध्याकाळी एवेलिओने प्रत्येक पिन मोजली. दोनदा मोजली. मग सेट उचलून दिग्नाच्या दारापुढे फुटपाथवर मांडला. खुर्च्या सरकल्या, लोक जमले.

"सेन्योर निकानोर," एवेलिओ म्हणाला, "तुम्हीच लावा."

निकानोरने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. "नको. मी बिघडवीन. दिग्ना, तूच दाब."

इंजिन नुसतं ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगणारा माणूस एका बटणाला घाबरत होता. यंत्र दुरुस्त झालं होतं. एवेलिओला वाटलं होतं, तेवढ्याने भागेल.

"तुम्ही बिघडवलं नव्हतं," तो म्हणाला. हातातला स्क्रूड्रायव्हर आणि मीटर त्याने फुटपाथवर ठेवला. "मी बिघडवलं. चुकीची वायर लावली, न मोजता. आत रस नव्हता, काहीच नव्हतं. मी खोटं बोललो."

कोणीतरी हसायला लागलं आणि थांबलं.

"म्हणजे मी नाही सांडला?" निकानोरने विचारलं.

"नाही."

"मला आठवत होतं," निकानोर दिग्नाकडे वळला. "ग्लास मी स्वयंपाकघरात ठेवला होता. आठवत होतं मला."

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?"

"तू इतक्या खात्रीने सांगत होतीस. मला वाटलं, माझंच डोकं गेलं."

 दिग्नाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. निकानोरने तिच्यापुढे तळवा पसरला. 

"किल्ली," तो म्हणाला.

तिने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. मग एवेलिओकडे वळली. आजवर तो आला की तीच खुर्ची पुढे सरकवायची आणि कॉफी आणायची. आज खुर्ची तिथेच होती आणि दिग्ना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"अकरा दिवस, मास्तर," ती म्हणाली. "अकरा दिवस तुम्ही समोरून ऐकत होतात."

 त्याने वाकून स्क्रूड्रायव्हर आणि मीटर गोळा केला आणि गल्ली ओलांडली.

तो दारापाशी पोहोचला तेव्हा मागे निकानोरने बटण दाबलं. गिटारी वाजू लागल्या. मग आवाज चढत गेला, पार टोकापर्यंत, काचा थरथरेपर्यंत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कोणाला काही कळलं नव्हतं. तिथून रोजच्यासारखी आरोळी आली:

"पास, मास्तर! एकदम पास!"

एवेलिओ मागे न बघता आत गेला. मग थोड्या वेळाने त्याने खिडकी उघडली.