शेवटची दोन बटणं

परराज्यात, पर्वत पाटियाजवळच्या कारखान्यात कुर्त्यांना बटणं लावणाऱ्या आम्ही चौघी, चौघीही खानदेशच्या. श्रावणात देवी बसवतात त्या कानबाईच्या सणाला गावी सगळ्यांनाच जायचं होतं आणि शेठ म्हणाले, दोघींनाच सुट्टी. भांडून तोंडं वाकडी करण्यापेक्षा पत्त्यांवर ठरवू, असं आमच्यातल्या धाकटीनं सुचवलं. ती मोबाइलवर पोकर शिकली होती, तिनंच जेवणाच्या सुट्टीत आम्हाला शिकवलं. प्रत्येकीला वीस बटणं. बटणं संपली की बाद. शेवटी उरतील त्या दोघी गावाला.

मला जायचंच होतं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, कानबाई बसवायला यंदा तिच्या हाताशी कोणी नव्हतं. पण स्वभाव उतावळा. समोर वीस बटणं असताना वाटायचं, दोन गेली तर काय बिघडलं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी शेजारीण बाद झाली तेव्हा माझ्याकडे मोजून दोन उरली होती. धाकटीपुढं आणि मावशीपुढं मात्र ढीग. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी, नात्यानं कोणाचीच नाही.

मला रडू यायला लागलं. एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून मी दोन्ही बटणं पुढं सरकवणार, तोच मावशीनं मनगट धरलं.

"थांब व माय. ढिगातलं बटण म्हणजे नुसतं बटण. तुझी ही दोन म्हणजे गावाला जाणारी आख्खी गाडी आहे. पानं टाक, हा डाव सोड आणि गप बस."

मी पानं टाकली. मावशीनं स्वतःची पानं पाहिली आणि सगळा ढीग धाकटीपुढं लोटला. धाकटीकडे राण्यांची जोडी होती, तिनंही तेवढीच बटणं लावली. मावशी हरली, बाद झाली. मी दोन बटणांवर दुसरी आले.

आवरताना मी मावशीची पानं उलटून पाहिली. दुर्री आणि सत्ती. एवढी भिकार पानं घेऊन मीसुद्धा खेळले नसते.

मी चिडले, "मुद्दाम केलंत ना? तुम्हाला नव्हतं जायचं?"

ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "मना घरले कुलूप शे व. तुनी माय वाट देखी ऱ्हायनी." गावी तिची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षी कानबाई मी आणि आईनं मिळून बसवली. नमस्कार करताना मी आधी मावशीचं नाव घेतलं, मग माझ्या घरच्यांचं. अजूनही तसंच घेते.